रिकाम्या पाकिटांचा प्रबंध

आजारी माणसाला भेटायला जायचं, तासभर त्याच्या उशाशी बसायचं आणि त्याच्या तोंडाकडे एकदाही न बघता परत यायचं, ही विद्या साधलेला माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच झाला आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझे सासरे परळीच्या दवाखान्यात आठ दिवस पडून होते, तेव्हा बाकीचे पाहुणे शहाळी आणि संत्री घेऊन आले. आमचे साडूभाऊ भिंग घेऊन आले. आल्या आल्या त्यांनी सलाईनची बाटली फिरवून तिच्यावरचा बारीक मजकूर वाचला, गोळ्यांचं पाकीट खिडकीच्या उजेडात धरलं, वहीत काहीतरी टिपलं आणि सासऱ्यांना म्हणाले, "मामा, तुमच्या अंगात आत्ता तीन राज्यांचा आणि एका परदेशाचा माल आहे." सासऱ्यांनी जरा विचार केला. "बरुबर हाय," ते म्हणाले, "अंग इतकं कावून ठणकतंय ते आता कळलं."

साडूभाऊ कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे, पण ती त्यांची पोटापाण्याची सोय होती. त्यांचं खरं काम म्हणजे 'विकसनशील देशांतील औषधांचा व्यापार आणि ग्रामीण आरोग्य : सिरसाळा परिसराचा अभ्यास' हा प्रबंध. नोंदणी केली तेव्हा त्यांचा मुलगा रांगत होता. तो इंजिनिअर होऊन पुण्याला नोकरीला लागला, तरी प्रबंध रांगतच होता. मुदती वाढवून घेण्यात साडूभाऊंचा हात धरणारं कुणी नव्हतं. पहिले मार्गदर्शक निवृत्त झाले, दुसरे कंटाळून बदलून गेले आणि तिसरे मिळाले ते साडूभाऊंचेच जुने विद्यार्थी. हे त्यांना 'सर' म्हणत, ते यांना 'सर' म्हणत, आणि आधी कुणी बसायचं यातच अर्धी भेट संपायची.

माझं परळीत स्टेशनच्या रस्त्याला झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे, त्यामुळे प्रबंध टाइप करण्याचं काम नात्यानं माझ्याच गळ्यात पडलं. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलेला माणूस. तरी 'विकसनशील' हा शब्द इतक्या वेळा बडवला, की एकदा एका लग्नपत्रिकेत 'विवाह' लिहायला गेलो आणि बोटांनी आपसूक 'विकसनशील' लिहून टाकलं. पत्रिका छापून वाटलीसुद्धा गेली. वराकडच्या मंडळींनी दुकानात येऊन माझी जी पूजा बांधली ती साडूभाऊंनी शांतपणे ऐकून घेतली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "विकसनशील देशांत असंच असतं."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एसटी आली नाही, चहा पांचट झाला, औष्णिक केंद्राची राख वाळत घातलेल्या कपड्यांवर बसली, की ते हेच म्हणायचे, आणि तेही वैतागून नाही, अपेक्षित निष्कर्ष हाती आल्याच्या समाधानानं. अक्का म्हणजे माझी मेव्हणी. तिची आमटी एकदा अळणी झाली तेव्हाही त्यांनी हेच वाक्य टाकलं. अक्कानं वाटी उचलून नेली आणि सांगितलं, "मंग विकसित देशात जाऊन जेवा." घरातल्या बोलण्यालाही त्यांना पुरावा लागायचा. शेजारची सून माहेरी निघून गेली असं अक्कानं सांगितलं, तर यांचा प्रश्न, "हे तुला प्रत्यक्ष मुलाखतीतून कळलं, की दुय्यम साधनांतून?" अक्का म्हणाली, "नळावर कळलं." साडूभाऊ समाधानानं मान हलवून पुन्हा जेवायला लागले. नळ त्यांच्या लेखी प्राथमिक साधनांत मोडत असावा.

रविवारी मी माझ्या स्कूटरसह त्यांच्या संशोधनाला जुंपला जायचो. त्यांची प्रश्नावली इतकी लांब होती, की पहिल्या प्रश्नाला चहा पाजणारा माणूस शेवटच्या प्रश्नापर्यंत जेवायचा आग्रह करायचा. मी या कामाला कधीच नाही म्हटलं नाही त्याचं खरं कारण हेच. सिरसाळ्याजवळ एका म्हाताऱ्याला त्यांनी विचारलं, "औषध घेताना आयात-निर्यात धोरणाचा आपल्यावर काय परिणाम होतो असं वाटतं?" म्हाताऱ्यानं पागोटं सारखं केलं आणि सांगितलं, "आमी पाण्यासंगं घेतो. निस्ती घेतली की मळमळतं." साडूभाऊंनी लिहिलं : 'उत्तरदात्यास धोरणापेक्षा पाण्याची उपलब्धता अधिक महत्त्वाची वाटते.' हे वाक्य मीच टाइप केलं आणि तेव्हा खूप हसलो. आता वाटतं, म्हातारा आणि साडूभाऊ दोघंही बरोबर होते.

मग पाचवं प्रकरण आलं आणि त्यानं आम्हा सगळ्यांना कामाला लावलं. औषध कुठून कुठून फिरत सिरसाळ्याच्या माणसाच्या तोंडात पडतं, हे त्या प्रकरणात दाखवायचं होतं. गोळी कुठं बनली ते पाकिटाच्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलेलं असतं. तेव्हा साडूभाऊंनी योजना काढली : रिकामं पाकीट द्या, काडेपेटी घ्या. सिरसाळ्याच्या बाजाराला आणि आजूबाजूच्या वस्त्यांवर आम्ही महिनाभर हिंडलो. बायका आत जायच्या, देवळीतून, उतरंडीमागून, पोथीच्या घडीतून एकेक पाकीट काढून आणायच्या आणि मुकाट्यानं द्यायच्या. परळीच्या घरात चपलांच्या खोक्यांची रास लागली. प्रत्येक खोक्यावर राज्याचं नाव, एका मोठ्या खोक्यावर 'परदेश'. अक्काच्या साड्या ट्रंकेत गेल्या आणि कपाटात हिमाचल, गुजरात वगैरे राहायला आले. साडूभाऊ रोज सकाळी खोक्यांवरची राख मऊ ब्रशनं झटकायचे. प्रत्येक पाकिटाची त्यांनी नोंद केली होती आणि निष्कर्षही काढला होता : 'ग्रामीण रुग्ण औषधाच्या आवरणाकडे केवळ कचरा म्हणून पाहतो. एका काडेपेटीच्या मोबदल्यात तो ते सहज देतो, यावरून हे सिद्ध होते.' मी टाइप केलं. ही शेवटची मुदतवाढ होती आणि पंधरा दिवस हातात होते. साडूभाऊंना इतका भरवसा वाटला, की त्यांनी प्रबंधाचं काळं पुठ्ठ्याचं कव्हर सोनेरी अक्षरांत आधीच करून आणलं. ते कव्हर पोटाशी धरून ते त्या दिवशी माझ्या दुकानात बसले होते. इतके खूश मी त्यांना मुलाच्या लग्नातही बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठकूबाई आली. सिरसाळ्याकडच्या माळावरची मेंढपाळाघरची बाई. एसटीनं परळीला उतरून, 'पाकिटवाले सर कुठं राहत्यात' असं विचारत विचारत ती अक्काच्या दारात पोचली. मी शेवटची पानं दाखवायला तिथंच होतो. पाणीसुद्धा न घेता तिनं कमरेच्या पिशवीतून एक काडेपेटी काढली आणि साडूभाऊंपुढं ठेवली.

"ही घ्या सर तुमची काडेपेटी. एक बी काडी जाळली न्हाई. माझं पाकीट द्या."

साडूभाऊ गोंधळले. "पण ते तर रिकामं होतं ना बाई?"

"रिकामंच असतंय की. भरलेलं मेडिकलात." ती खाली बसली. "डाक्टरनं चिट्ठी दिल्ती, ती पावसात गेली. तवापून तेच रिकामं पाकीट दावायचं आन तसल्या सुट्ट्या गोळ्या पुडीत आणायच्या. लेकीची झटक्याची गोळी हाय. मी गेलते मेडिकलात, तर त्यो म्हनतो पाकीट दाव. काय दावू? मला नाव वाचता येत न्हाई. चार दिस झाले गोळी न्हाई. परवा पोरगी मेंढरामागं पडली. हिरीपासनं लांब व्हती म्हनून वाचली."

मग अक्कानं, जे माझ्या मनात होतं तेच, पण चिडून विचारलं, "अगं, मंग दिलंस कावून?"

"सर वहीत लिहीत व्हते न्हवं? मला वाटलं सरकारी काम हाय. राशनचं कार्ड बी नेत्यात, लिहून घेत्यात, माघारी देत्यात. सगळ्याच बायकांनी त्याच भरवशावर दिलं."

साडूभाऊ इतके हबकले होते, की त्यांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "कोणत्या राज्यात बनलेलं होतं?" ठकूबाई म्हणाली, "ते काय ठाव? लाल अक्षरं व्हती, आन मी हळदीचं बोट लावलं व्हतं."

आम्ही चौघं जमिनीवर बसलो आणि राज्यांमागून राज्यं उपसली. लाल अक्षरांची पाकिटं इतकी निघाली, की मला गरगरायला लागलं. शेवटी अक्काला हिमाचलच्या खोक्यात ते सापडलं. त्याला साडूभाऊंच्या सुवाच्य अक्षरातली चिठ्ठी टाचलेली होती : 'पिवळा डाग. साठवणुकीतील हलगर्जीपणाचा पुरावा.' साडूभाऊंनी ती वाचली आणि टाचणी काढून पाकीट ठकूबाईच्या हातात दिलं. मग ते दुसरी पाकिटं उचलून बघायला लागले. एकावर कुंकवाचा ठिपका, एकावर चुन्याचा, एकाला दोरा बांधलेला. या सगळ्यांना त्यांनी 'खराब' असा शेरा मारला होता. त्यांनी एक दुमडलेलं पाकीट पुढं केलं तर ठकूबाई सहज म्हणाली, "एक कोपरा मोडला की सकाळची. दोन मोडले की दोन येळची. आमच्यात समद्या बाया असंच करत्यात."

त्या दुपारी साडूभाऊ स्वतः ठकूबाईला घेऊन आधी मेडिकलात आणि मग तिच्या लेकीसाठी नवी चिठ्ठी लिहून घ्यायला सरकारी दवाखान्यात गेले. संध्याकाळी मार्गदर्शकांना फोन लावला. मी शेजारीच होतो. "सर, पाचवं प्रकरण खोटं आहे," ते म्हणाले. पलीकडून सांगण्यात आलं, की सर, आहे तसं द्या, तारीख गेली की नोंदणी रद्द, एवढं बारीक कोण वाचतंय. साडूभाऊंनी ते सगळं ऐकून घेतलं. "लोकांनी त्यावर लिहून ठेवलं होतं सर," ते म्हणाले, "मलाच वाचता आलं नाही." आणि फोन ठेवला. मी त्यांच्याशी खूप भांडलो. प्रबंध द्या, पाकिटं मागून वाटू, असं मी परोपरीनं सांगितलं. मला त्यांच्या पदवीचा त्यांच्यापेक्षा जास्त लोभ सुटला होता, हे मी आज कबूल करतो. ते एवढंच म्हणाले, "पंधरा दिवसांत आणखी कुणाची लेक पडली तर?"

मग उलटी फेरी सुरू झाली. त्याच स्कूटरवर तीच खोकी. वस्त्यांवर हिंडून झाल्यावर साडूभाऊ बाजाराच्या दिवशी सिरसाळ्यात मेडिकलच्या शेजारी लिंबाच्या झाडाखाली सतरंजी टाकून बसले. बायका यायच्या, आपली खूण बघून पाकीट उचलायच्या, आणि साडूभाऊ प्रत्येकीला जाडसर कार्डावर नाव, गाव, गोळी, वेळ लिहून द्यायचे. काडेपेट्याही परत आल्या. साडूभाऊंनी त्या घेतल्या नाहीत. एका म्हातारीनं नवऱ्याचं पाकीट ओळखलं, हातात धरून बघितलं आणि सांगितलं, "ते गेले. पण द्या." नेमका त्याच दिवशी मुदत संपत होती. मी घड्याळ दाखवून म्हणालो, "साडूभाऊ, आता विद्यापीठ बंद होईल." ते मान वर न करता म्हणाले, "गर्दी आहे, नंतर बोलू." नंतर त्या विषयावर आम्ही कधी बोललोच नाही.

पुढं एक गमतीची गोष्ट झाली. बायका नवी रिकामी पाकिटं सरांकडंच ठेवायला आणून द्यायला लागल्या. घरी उंदीर खातात, पोरं खेळायला घेतात, सरांकडं नीट राहील, असा त्यांचा हिशेब. साडूभाऊंनी प्रत्येक पाकिटाला तसंच एक कार्ड टाचलं, ती कार्डं गावांनुसार लावली आणि ठेवायला दुसरं काही चांगलं नव्हतं म्हणून त्या काळ्या कव्हरात बांधली. सोनेरी अक्षरांचं ते कव्हर इतकं फुगलं, की त्याला नाडी बांधावी लागली.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या छातीत कळ आली आणि मुलगा त्यांना आणि अक्काला पुण्याला घेऊन गेला. जाताना ते कव्हर माझ्या दुकानात ठेवून गेले. आता परळीच्या बाजाराला आलेल्या बायका आधी माझ्याकडं येतात, मी नाडी सोडतो आणि झेरॉक्सचं गिऱ्हाईक ताटकळत ठेवून गोळ्यांची नावं लिहून देतो. साडूभाऊंचा फोन येतो तो माझी तब्येत विचारायला नाही, ठकूबाईनं या महिन्याची गोळी नेली का ते विचारायला. मध्यंतरी म्हणाले, "इथं औषध मोबाईलवर मागवतात, दाराशी येतं. रिकामं पाकीट सूनबाई लगेच कचऱ्यात टाकते. काही राहतच नाही मागं." मी म्हणालो, "विकसित भागात असंच असतं." पलीकडून हसू आलं, पण नेहमीसारखं मोठं नाही. मला त्यांची फार आठवण येते. रविवारी स्कूटर पुसून ठेवतो आणि मग लक्षात येतं, जायचं कुठंच नाही.

गेल्या महिन्यात टपालानं एक लिफाफा आला. आत एक कार्ड आणि त्याला टाचलेलं रिकामं पाकीट. अक्षर त्यांचंच, जरासं वाकडं झालेलं. नाव, औषध, सकाळी एक. गाव या रकान्यात पुणे नव्हतं, परळी वैजनाथ होतं. पाकिटाचा एक कोपरा दुमडलेला होता आणि मधोमध हळदीचं बोट होतं. मी ते हातात घेऊन बसलो होतो तेवढ्यात ठकूबाई आली. तिनं लांबूनच खूण बघितली आणि विचारलं, "सकाळची गोळी. कुणाची हो?"

"सरांची," मी म्हणालो.

तिनं पाकीट माझ्या हातातून घेतलं, पदरानं त्याच्यावरची राख पुसली आणि परत दिलं. "जपून ठिवा," ती म्हणाली. "सर आले की दावाया लागंल त्यास्नी." मी नाडी सोडली, परळीच्या कार्डांत ते लावलं आणि मग सिरसाळ्याच्या कार्डांतून तिच्या लेकीचं काढून दिलं.