तापाविना एक अख्खा दिवस

सिव्ह नूरलुंड गेली सव्वीस वर्षं स्वीडनमधल्या उमेओ शहराजवळच्या एका शाळेची नर्स होती, आणि एवढ्या वर्षांत तिच्या डोळ्यांत धूळ फेकणं एकाही आईबापाला जमलं नव्हतं. पोरांना ती "बरं वाटतंय का?" असं कधी विचारत नसे. त्यावर पोरं "हो"च म्हणतात, सणाच्या दिवशी तर बेंबीच्या देठापासून म्हणतात. ती विचारायची, "सकाळी काय काय खाल्लंस?" मग सगळं बाहेर पडायचं.

तापाचं औषध पाजून, चार तासांपुरतं लेकरू टवटवीत करून शाळेच्या दारात सोडायचं, ही तिथल्या आईबापांची जुनी खोड. अकराला औषध उतरलं की पोर सिव्हच्या खाटेवर! म्हणून दारावर तिच्याच अक्षरात पाटी होती: औषधाविना, तापाविना एक अख्खा दिवस घरी. मगच शाळा.

लुसियाच्या, म्हणजे डिसेंबरातल्या दिव्यांच्या सणाच्या सकाळी शाळेत एकच कल्ला होता. बाहेर मिट्ट काळोख, आत पांढरे झगे, लाल पट्टे, केशरी बनांचा वास. आणि यंदा दिव्यांचा मुकुट घालून सगळ्यांच्या पुढे गात चालणारी लुसिया कोण? सिव्हची नात तूव्हा! बालवाडीपासून पोरीनं त्या मुकुटाची वाट पाहिलेली. तिच्यामागे चालणार होती हिलेवी, रक्ताच्या आजाराचे उपचार संपवून नऊ महिन्यांनी शाळेत आलेली. डोक्यावर जेमतेम दोन बोटं केस. साधा तापही तिला परवडणारा नव्हता.

"आजी, मुकुट पेटव ना!" तूव्हा उड्या मारत आली. गाल लालबुंद. सिव्हही हरखली होती, सेलचं बटण दाबता दाबता सवयीनं बोलून गेली, "सकाळी काय काय खाल्लंस गं?"

"केशरी बन, दूध आणि ते स्ट्रॉबेरीचं औषध."

सिव्हचा हात थांबला. आजूबाजूला कुणी ऐकलं नव्हतं. एका तासाचा तर प्रश्न होता. तेवढ्यात हिलेवीनं मागून येऊन तूव्हाचा हात धरला, आणि सिव्हनं तो पटकन सोडवला.

"जा, दोन्ही हात साबणानं धू," ती हिलेवीला म्हणाली. मग नातीच्या डोक्यावरचा मुकुट उतरवला.

"तू आजी नाहीसच! नुसती नर्स आहेस!" तूव्हा किंचाळली.

फोनवर लेक आनिकाही कडाडली, "आई, काल रात्री थोडं अंग तापलं होतं, बस! आता काही नाहीये तिला!"

"औषध आहे म्हणून नाहीये. येऊन घेऊन जा."

"सगळ्या गावाला सोडशील, पण स्वतःच्या नातीला नाही!"

"गावालाही कधी सोडलेलं नाही, बाई," सिव्ह म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. तिला फार वाईट वाटत होतं.

पण दहा वाजले, दिवे मालवले गेले, आणि दारातून गाणं आत आलं. पुढे हिलेवी! सिव्हनं मुकुट स्पिरिटनं पुसून तिच्या डोक्यावर ठेवला होता, ढिला होत होता म्हणून आतून आपला रुमाल कोंबला होता. सगळी शाळा उभी राहिली. कुणीतरी टाळ्याच वाजवायला लागलं, लुसियाला वाजवत नाहीत तरी. सिव्हच्या अंगावर काटा आला.

साडेअकराला फोन वाजला. आनिकाचा आवाज बारीक होता. "आई, ताप चढलाय. एकोणचाळीस पॉइंट चार." मग झटापटीचा आवाज आणि तूव्हा.

"मी तुझ्याशी बोलत नाहीये, आजी. मुकुट कुणी घातला?"

"हिलेवीनं."



"दुसरं कडवं ती नेहमी चुकते. चुकली?"

"एक शब्दही नाही, बाळ."

"मग मी उद्या येऊन तिला..."

"तूव्हा."

"माहितीये गं," नात हुंदका गिळत म्हणाली. "दारावर लिहिलंय."