सर्दी आणि अर्धी जबानी

"एवढी मोठी जबानी आणि तुमचं इंग्रजी एका ओळीचं?" जज्जसाहेबांनी लेखणी खाली ठेवत विचारलं.

काही राहिलंय हे मला तरी कुठे ठाऊक होतं!

मी ठाण्याला सेशन कोर्टात दुभाषी, म्हणजे इंटरप्रिटर होतो. साक्षीदार आपल्या बोलीत बोलणार, मी ते डोक्यात धरून इंग्रजीत सांगणार आणि साहेब माझं इंग्रजी लिहून घेणार. साक्षीदार काय बोलला याला कागदावर किंमत नाही; मी काय बोललो त्याला. लांबलचक जबानी मी एका दमात धरत असे. त्याचा मला गर्व होता, आणि का नसावा?

त्या दिवशी सर्दी झाली होती. ताप नाही, खोकला नाही. नाक चोंदलेलं आणि डोकं जड. तापाला रजा मिळे, शिंकांना कोण देणार? शिवाय नौपाड्यातल्या खोलीत बसून करायचं काय? बायको गेल्यापासून तिथे माझ्याशी बोलणारं कोणी नव्हतं. दिवसभर ती खोली मला खायला उठे. म्हणून गेलो कोर्टात.

खटला कोलशेतच्या खाडीवरच्या मारामारीचा. वल्ह्याच्या फटक्यानं एक माणूस मेला होता. आरोपी धाकू कोळी, विशीतला. साक्षीला त्याची शेजारीण हिरा. तिच्या जबानीतलं मी एवढंच सांगितलं की वल्हं धाकूच्या हातात होतं. म्हणजे पोराच्या गळ्याला फास लागल्यातच जमा.

"आणखी काय म्हणाली ती?" साहेबांनी विचारलं.

तिचे ओठ हललेले आठवत होते. शब्द काही केल्या आठवेनात.

मागून शिरस्तेदार भाऊराव सगळ्यांना ऐकू जाईल असं कुजबुजले, "विनायकराव, कोणाचे पैसे खाल्लेत?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "सर्दी झालीय, साहेब. लक्षात राहत नाही."

सगळं कोर्ट हसलं. सर्दी नाकात असते, तिचा अकलेशी काय संबंध, असाच सगळ्यांचा समज. त्या सकाळपर्यंत माझाही तोच होता.

साहेब हसले नाहीत. "तिला एकेक वाक्य थांबून बोलायला सांगा."

हिरा भीतभीत बोलू लागली. "वल्हा त्याचे हातान व्हता."

मी सांगितलं.

"पन त्यानं नाय मारला. तो सोरवाला गेल्ता. मारणारा येगला, तो पलाला."

सोडवायला गेला होता! मी ते शब्दन् शब्द साहेबांना इंग्रजीत सांगितलं.

पुढे आणखी साक्षी तशाच झाल्या आणि धाकू सुटला. हिरा त्याला घेऊन गेली. भाऊरावांनी माफी मागितली नाही. मी घरी येऊन एकट्यानंच वाफ घेतली.

जड डोक्यानं माणूस चुकतो, हे समजण्यासारखं आहे. पण आपण चुकतोय हेच त्याला कळत नाही, ही खरी गोम. ज्याच्या घरात माणूस असतं, त्याला ते सकाळीच सांगतं, "आज तुमचं काही खरं नाही, पडून राहा." मला ते सांगायला जज्जसाहेब लागले.