लुटारू: कधीच नाही

गेल्या उन्हाळ्यात स्कूटीवरून पडून माझा पाय मोडला. सहा आठवडे प्लास्टर सांगितलं, तेव्हा नगरमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात अडकून पडण्यापेक्षा मी माहेरी आले, कर्जतजवळच्या आमच्या वस्तीवर. घरात भाऊ, वहिनी आणि आण्णा, म्हणजे माझे वडील. कांदा काढणी चालू होती. भाऊ आणि वहिनी सकाळी रानात जायचे ते उन्हं कलल्यावरच परतायचे. दिवसभर घरात आण्णा आणि मी. आण्णांची तब्येत ठणठणीत होती, पण दोन वर्षांपासून त्यांना विसरायला होत होतं. आई गेलेली त्यांच्या लक्षात राहत नसे.

वेळ घालवायला माझ्याकडे लॅपटॉपवरचा एक खेळ होता. मुलीने शिकवलेला. माळावर एक गाव वसवायचं: घरं बांधायची, पेरायचं, कोठारं भरायची. सगळं जरा मार्गी लागलं की पडद्याच्या वरच्या कडेला जंगल आहे, तिथून लुटारू येतात. माणसं मारतात, कोठार पेटवतात. ते किती वेळा यावेत हे आपल्याला ठरवता येतं: वारंवार, क्वचित किंवा कधीच नाही. माझा खेळ कायम 'वारंवार'वर असायचा. त्याशिवाय मजा नाही, असं मला वाटायचं.

आण्णा माझ्या कॉटशेजारी खुर्ची ओढून बघत बसायचे. गाव त्यांना आवडलं. "गहू लई दाट पेरलाय," असं काहीबाही सांगायचे. मग पहिली धाड आली.

"कोन हायेत हे?"

"लुटारू आहेत आण्णा. खेळातले."

ते उठले आणि भर दुपारी दाराला कडी घातली. त्या दिवशी जेवले नाहीत. संध्याकाळी वहिनीला त्यांच्या कॉटखाली कोयता सापडला. तिने तो काढून ठेवला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच.

मी खेळच बंद करायला हवा होता. पण लॅपटॉप मिटला की ते खुर्ची सोडायचे नाहीत, "गाव दाव," म्हणून बसायचे. तेव्हा मी लुटारू 'क्वचित' केले. ते जास्तच वाईट झालं. आता आण्णा गावाकडे बघेनात, फक्त वरच्या कडेच्या झाडांकडे बघायचे.

"झाडं हालली."

खेळात वारा असतो, झाडं हलतातच. तरी त्यांच्याबरोबर मीही तिकडे टक लावून बसू लागले. तास तास जायचा. गावात काय चाललंय याकडे कुणाचंच लक्ष नसायचं.

शेवटी मी 'कधीच नाही' केलं आणि आण्णांना सांगितलं, "आता कुणी येणार नाही. कायमचं मिटलं."

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. एक बारकासा माणूस लाकडं घेऊन कोठाराकडे चालला होता.

"ह्यो कवा आला?"

"आपल्याच गावचा आहे तो."

"न्हाई. आत आलेला हाय ह्यो."

त्यांची समजूत घालावी म्हणून मी त्या माणसावर क्लिक केलं. माहिती उघडली. काम: लाकूडतोड्या. घर: नाही. गावात चार घरं रिकामी होती. गाव वाढलं की माणसं आपोआप येतात, त्यातला कुणीतरी असणार, हे मला कळत होतं. तरी मी त्याच्या मागे मागे बघत राहिले. लाकडं टाकून तो कोठाराच्या भिंतीशी जाऊन उभा राहिला. मी लॅपटॉप मिटेपर्यंत तिथेच उभा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुबडी सांभाळत मी आण्णांपुढे ताट ठेवलं. ते ताटाकडे न बघता माझ्याकडे बघत होते.

"तू कुनाची?"

"आण्णा, मी तुमची थोरली."

"बाहेरनं कोनच का येईना मंग?" ते हळू आवाजात म्हणाले. "समदी आत आली व्हय?"

दाराला कडी होती. हाकेच्या अंतरावर कुणी नव्हतं. माझा पाय प्लास्टरात आणि कोयता त्यांच्या कॉटखाली. जन्मात पहिल्यांदा मला वडिलांची भीती वाटली. मी पाठ न फिरवता सरकत सरकत कॉटवर आले आणि भावाला रानात रेंज नसायची म्हणून बेलापूरच्या आत्याला फोन लावला.

सगळं ऐकून आत्या म्हणाली, "आमी ल्हान हुतो तवा ज्वारीच्या काढनीला एक मानूस वस्तीवर ऱ्हायला हुता. चार म्हैने आमच्यातच जेवायचा. तुझ्या बापाला खांद्यावर घिऊन हिंडायचा. एका दुपारी घरात आमी दोगंच, तवा त्यानंच दार उघडून धा जनांना आत घेतलं."

"मग?"

"मंग काय. त्यानं तुझ्या बापाकडं बघितलं आन् हसला. तुझ्या बापाला त्ये हसनं लई दिवस दिसायचं."

फोन ठेवून मी लॅपटॉप उघडला. आण्णा अजून माझ्याकडेच बघत होते. मी लुटारू 'वारंवार' केले आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. थोड्याच वेळात वरच्या झाडांतून ते बाहेर पडले. आठ जण, मशाली घेऊन.

आण्णांनी एकदम श्वास सोडला. "आले बघ," म्हणाले. आवाजात चक्क सुटका होती. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "भिऊ नगं, बाय. मी हाय." आणि ताट पुढे ओढून भाकरी मोडली.

पुढचे तीन आठवडे माझं गाव रोज लुटलं गेलं. मी राखणदारही नेमेनाशी झाले. कोठार जळायचं, मी पुन्हा बांधायचे, आण्णा दुपारी नीट झोपायचे. एके दिवशी वहिनीने कोयता खळ्यावर नेला, त्यांनी तो परत आणला नाही.

प्लास्टर निघालं आणि भाऊ मला स्टँडवर सोडायला निघाला. लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून मी आण्णांच्या पाया पडले.

"परत कवा येनार?"

"दिवाळीला येते, आण्णा."

"तू न्हाई," ते म्हणाले. "त्ये."

भाऊ गाडी चालू करून थांबला होता. "येतील," मी म्हणाले. "वरचेवर येतील." त्यांनी मान डोलावली आणि खुर्ची दाराच्या तोंडाशी ओढून बसले.