भुऱ्याला शिकवलेलं नाव

लोकांच्या अनुभवांत देव त्यांच्यासाठी धावून येतो. कुणाचा ताप उतरतो, कुणाला आडवाटेवर अनोळखी माणूस भेटतो आणि घरापर्यंत पोचवून जातो. असे अनुभव मी पुष्कळ वाचले आहेत आणि खरं सांगायचं तर वाचताना मला रागच यायचा. मी वल्हं उगारलं त्या सकाळी माझा हात धरायला कुठला अनोळखी माणूस आला होता? पुढे एकदा देव आला, हे मला कबूल करावं लागतं. पण तो माझ्यासाठी आला नव्हता. एका कुत्र्यासाठी आला होता, आणि त्या कुत्र्याला उपाशी मीच ठेवलं होतं. म्हणून हे लिहायला इतकी वर्षं गेली.

माझं गाव करावे. घरची होडी होती, खाडीत जाळं लावायची आमची जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली होती. सत्तरच्या दशकात नव्या शहरासाठी जमिनी गेल्या आणि शेतावर पोट भरणारेही खाडीकडे वळले. जाळ्याचा खुंट कुणी कुठे ठोकायचा यावरून माझी सख्ख्या मामाच्या मुलाशी रोजची कटकट सुरू झाली. एका सकाळी गुडघाभर चिखलात उभे राहून आम्ही एकमेकांना बोलू नये ते बोललो आणि मी त्याच्या डोक्यात वल्हं घातलं. तो पडला तो उठलाच नाही. कोर्टात माझे वकील ‘रागाच्या भरात, रागाच्या भरात’ म्हणत राहिले, जणू राग कुणा तिसऱ्याचा होता. मला जन्मठेप झाली. आईचा भाचा गेला, मुलगा गेला आणि माहेरही त्याच दिवशी तुटलं. ती मला भेटायला कधी आली नाही. पाच वर्षांत निरोप नाही की चिठ्ठी नाही.

आमचा तुरुंग खाडीच्या पलीकडे होता. बराकीच्या भिंतीवर दत्ताची जुनी तसबीर होती, पायाशी चार कुत्री असलेली. आमच्या घरात देवीची भक्ती, दत्ताशी माझा कधी संबंध आला नव्हता. पण रोज उठून समोर तीच तसबीर, म्हणून मी तिलाच हात जोडू लागलो. जेवण्याआधी ‘दत्तगुरू’ म्हणायचो आणि मग घास घ्यायचो. सगळे मला भक्त समजत. मी मात्र देवापुढे रोज एकच अर्ज ठेवत होतो, की मला एकदा आईला भेटव. चार दिवस घरी जायच्या सुटीसाठी सरकारकडे दोन वेळा अर्ज केले, दोन्ही नामंजूर झाले. हा गावात आला तर मामाच्या घरचे गप्प बसणार नाहीत, असा शेरा होता. शेरा खोटा नव्हता, पण त्यामुळे माझा जळफळाट कमी झाला नाही.

अशात आमच्या मोठ्या साहेबांच्या डोक्यातून एक कल्पना निघाली. शहरातल्या पांजरपोळात पकडून आणलेल्या भटक्या कुत्र्यांना जागा पुरत नव्हती, आणि रबाळ्याच्या नव्या कारखान्यांना राखणीला कुत्री हवी होती. साहेबांनी सहा कुत्री आमच्या शेतकीच्या आवारात आणली, सहा कैदी निवडले आणि शिकवायला फौजेतून निवृत्त झालेले एक सुभेदार ठेवले. कुत्र्यांना वाढवायचं, शिकवायचं आणि कारखान्यांना द्यायचं. माझ्या वाट्याला एक खरजेलं, भुरं पिल्लू आलं. त्याचं नाव मी भुऱ्या ठेवलं. सुरुवातीला मला त्याची किळस यायची. मग एके दिवशी औषध लावताना ते माझ्या मांडीवरच झोपलं. चार वर्षांत मला कुणी हात लावला नव्हता. त्या दुपारी मी हलायचंही विसरलो.

सुभेदारांचा एक नियम होता. राखणीच्या कुत्र्याने कुणीही टाकलेलं खायचं नाही, कारण चोर मटणात विष घालून टाकतात. म्हणून प्रत्येकाने आपल्या कुत्र्याला एक शब्द शिकवायचा. तो शब्द कानावर पडला तरच कुत्र्याने ताटाला तोंड लावायचं. कुत्रं कारखान्यात जाताना शब्द चिठ्ठीवर लिहून द्यायचा. मी सगळ्यांसमोर ‘घे’ म्हणायचो. पण ताट ठेवायला वाकलो की त्याच्या कानाशी हळूच ‘दत्तगुरू’ म्हणायचो. भुऱ्या त्या नावालाच खायचा. नुसत्या ‘घे’ला तो माझ्याकडे बघत बसायचा, तोंडाला पाणी सुटलं तरी हलायचा नाही. दीड वर्षात तो इतका तयार झाला की सुभेदार म्हणाले, “तुज्यापरीस त्याला जास्त अक्कल हाय.” मलाही ते पटलं होतं.

भुऱ्याला न्यायला रबाळ्याच्या एका कारखान्याची गाडी आली तेव्हा मी चिठ्ठीवर ‘घे’ लिहिलं. चूक झाली, विसरलो, असं काही नव्हतं. समजून उमजून लिहिलं. तो दुसऱ्या कुणाचं ऐकेल हे मला सहन होत नव्हतं, आणि त्याहून मोठी लबाडी अशी की तो खाईनासा झाला तर मलाच बोलवावं लागेल, हा माझा हिशेब होता. रबाळ्याहून करावे काही फार लांब नाही. बरोबर पोलीस असतील, असू देत. तेवढी वाट वाकडी करून पाच मिनिटं आईच्या दारात उभं राहायचं. हा बेत मी दत्ताच्या तसबिरीसमोर बसून केला आणि शेवटी नमस्कारही केला. त्याच्याच नावाला मी कुलूप लावलं होतं आणि किल्ली कमरेला खोचून त्याच्याचकडे आशीर्वाद मागत होतो.

पाचव्या दिवशी सुभेदार कारखान्यात जाऊन आले. त्यांचा चेहरा उतरला होता. भुऱ्या पाणी तेवढं पितो, अन्नाला शिवत नाही. मॅनेजर म्हणतो कुत्रं पिसाळलंय. आणखी दोन दिवस बघेन, नाहीतर सुई देऊन मोकळा होईन. पिसाळल्याचा बोभाटा झाल्यावर पांजरपोळही त्याला परत घेईना. साहेबांनी मला ऑफिसात बोलावलं.

“शब्द ‘घे’च होता ना?”

“हो साहेब. पण त्याला माझ्या हाताची सवय आहे. मला घेऊन चला, माझ्यासमोर खाईल.”

जन्मठेपेच्या कैद्याला कुत्र्याच्या जेवणासाठी बाहेर काढायचं म्हणजे वरून परवानगी हवी. तरीही साहेब म्हणाले, विचारून बघतो. माझ्यावर विश्वास ठेवणारा तो एकमेव माणूस होता आणि त्याच्या तोंडावर मी खोटं बोललो होतो. बराकीत परतताना मला लाज वाटायला हवी होती. मी मनात आईला काय बोलायचं ते जुळवत होतो.

परवानगी त्या दिवशी आली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. आता सांगतो ते वाचून तुम्हाला माझा तिटकारा येईल. मला भुऱ्याची काळजी होती, नव्हती असं नाही. पण प्रत्येक तासाला मी मनाला समजावत होतो की कुत्रं चिवट असतं, अजून एक दिवस काढेल. माझ्या भेटीसाठी मी त्याच्या उपासाचे दिवस खर्चत होतो. सातव्या दिवशी दुपारी जेवणाची घंटा झाली. समोर भाकरी आणि डाळ आली. सवयीने मी नाव घ्यायला गेलो आणि ते तोंडातून बाहेर येईना. माझ्या डोळ्यांसमोर भुऱ्या आला. भरलेल्या ताटासमोर बसलेला, कुणीतरी ते नाव घेईल म्हणून एकेकाच्या तोंडाकडे बघणारा. वल्हं मारताना निदान मी रागात होतो. ह्या वेळी मी शांत डोक्याने एका जिवाला मारत होतो. मी ताट तसंच टाकून आवारात धावलो आणि सुभेदारांचे पाय धरून सगळं सांगितलं.

सुभेदारांनी मला एक शिवी हासडली. “देवाचं नाव असं दाबून ठिवतं व्हय कुनी?” म्हणाले आणि टेलिफोन करायला ऑफिसकडे पळाले. मी तिथेच मातीत बसलो. देवा, आता माझी भेट राहू दे, त्याला वाचव, असं काहीतरी म्हणत होतो. तेवढं मागणं तरी खरं असावं, अशी आशा आहे.

ते परत आले तेव्हा सावकाश चालत आले. मला वाटलं, संपलं. शेजारी बसून ते म्हणाले, “कालच खाल्लं त्यानं. सांजच्याला.”

कारखान्यात हिराबाय नावाची झाडूवाली होती, रबाळे गावातलीच, साठीच्या आसपासची. आदल्या दिवशी काम आटोपून निघताना तिला साखळीला पडलेलं कुत्रं दिसलं. समोरच्या ताटावर माशा बसल्या होत्या. तिने ते ताट विसळलं, आपल्या डब्यात उरलेली तांदळाची भाकरी त्यात कुस्करली आणि कपाळाला हात लावून म्हणाली, “दत्तगुरू, तुझा कुत्रा हाय रं बाबा, तूच बघ त्याचा.” नाव कानावर पडताच भुऱ्या धडपडत उठला आणि त्याने ताट पुसून खाल्लं. बाईला त्यात काही विशेष वाटलं नाही. ती घरी निघून गेली. सकाळी रिकामं ताट बघून मॅनेजरने विचारलं तेव्हा तिने सगळं सांगितलं आणि सुईचा विषय मिटला.

देव तारी त्याला कोण मारी, असं लहानपणापासून ऐकत आलो होतो. त्यातला मारणारा आपणच असू, हे कधी मनात आलं नव्हतं. मी ज्या नावाला माझी किल्ली समजत होतो ते कुणाही झाडूवालीच्या तोंडी होतं. मी कबुली दिली तीही उशिरा, तिचा कुणाला उपयोग झाला नाही. माझ्याशिवाय सगळं नीट झालं होतं. त्या दुपारी भुऱ्या वाचल्याच्या आनंदाच्या आधी मला अपमान वाटला. इतका मी कोता होतो. मग रडू आलं, आणि ते लवकर थांबेना.

साहेबांनी मला कुत्र्यांवरून काढून धोबीखान्यात टाकलं. ते रास्तच होतं. माझी जेवणावरची इच्छा मात्र उडाली. नाव घ्यायला जीभ वळत नव्हती आणि नाव न घेता घास उतरत नव्हता.

महिन्याभराने भेटीच्या दिवशी माझं नाव पुकारलं गेलं. सहा वर्षं होत आली होती, मला कुणी भेटायला येण्याची ती पहिलीच वेळ. जाळीच्या पलीकडे एक काटकुळी, काळीसावळी बाई उभी होती. तिला मी ओळखत नव्हतो.

“तूच का तो भुऱ्याचा?” तिने विचारलं. मी मान हलवली. “एवरासा नाव सांगाला तुझा काय तोंड झिजत होता?”

ती हिराबाय होती. सुभेदारांकडून तिला सगळं कळलं होतं, आईचंही. तिची बहीण करावे गावात दिलेली होती.

“तुझ्या आईसकरं गेलती मी,” ती म्हणाली. “सांगितला तिला, तुझे पोरान कुत्र्याला देवाचा नाव शिकवलाय. उपाशी ठेवलान त्या पन सांगितला. लपवला नाय.”

“काय म्हणाली?”

“काय नाय बोलली. पानी दिलान मना. मी उठली तवा इचारलान, जेवतं का तो?”

मी जाळी धरली. आजूबाजूला सगळे आपापल्या माणसांशी ओरडून बोलत होते. भेटीची वेळ संपत आली होती. मी कसंबसं म्हटलं, “जेवतो म्हणून सांगा.”

तिने माझे हाडकुळे हात, बसलेले गाल न्याहाळले. “हारकां वर आलीन तुझी. खोटा सांगाला मी नाय जायाची. आदी जेव, मंग सांगन.”

त्या संध्याकाळी मी ताटातली भाकरी पुढ्यात घेतली, नाव मोठ्याने घेतलं आणि जेवलो. सगळी भाकरी खाल्ली. पुढच्या महिन्यात हिराबाय पुन्हा आली, माझ्याकडे बघून “आता सांगते” म्हणाली आणि गेली. निरोप पोचला हे मला नंतर कळलं. आईकडून उलट निरोप आला नाही. पावसाळ्यानंतर ती वारली. तिची भेट झाली नाही ती नाहीच झाली.

ऐंशीचं दशक सरता सरता मी सुटलो. सगळ्यात आधी रबाळ्याला गेलो. भुऱ्या म्हातारा झाला होता, तोंड पांढरं पडलं होतं. फाटकाजवळ गेलो तर माझ्यावर गुरगुरला आणि आत येऊ दिलं नाही. राखण कशी करायची ते मीच शिकवलं होतं. नाव घेतलं असतं तर कदाचित ओळखला असता. मी घेतलं नाही, लांबूनच हात जोडले आणि निघालो.

आईची सल गेलेली नाही. देवापुढे बसतो तेव्हा ती लपवतही नाही, त्याला ठाऊकच आहे. फक्त अर्ज ठेवणं मी सोडलं. पाच वर्षं मी त्याला एकच गोष्ट मागितली आणि ती मिळवण्यासाठी एका मुक्या जिवाचं तोंड बांधलं. त्याने माझं ऐकलं असतं तर परवानगी येईपर्यंत भुऱ्या मेला असता, आणि आईच्या दारात मी दुसरा खून करून उभा राहिलो असतो. त्याने माझं ऐकलं नाही. ह्याबद्दल मी रोज त्याचे आभार मानतो, आणि रोज ते मला जड जातं.