ताप उतरला त्या दिवशी

नागनाथ एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झाला, पण दसऱ्याला वस्तीची गाडी नागपूरला दीक्षाभूमीला न्यायचं काम काही त्यानं सोडलं नाही. कुणाला खिडकी हवी, कुणाला गाडी लागते, सगळं तोच बघायचा. घरचं सगळं बायकोवर, केसरबाईवर.

त्या वर्षी नळाला आठवड्यानं पाणी यायचं. साठवणीच्या बॅरलात अळ्या झाल्या आणि केसरबाईला डेंग्यूनं गाठलं. डॉक्टरीणबाईंनी नागनाथला समोर बसवून सांगितलं, "काका, ताप उतरला की खरं जपायचं. विषाणूशी झगडताना शरीरात जे जहाल पदार्थ सुटतात, त्यांनी रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तरच सैल पडतं. मग रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं. पोट दुखलं, हातपाय गार पडले, तर लगेच घेऊन या."

नागनाथनं मान हलवली. ताप उतरल्यावर कसला आजार, हे त्याच्या डोक्यात शिरलं नाही.

गाडी निघायची त्याच सकाळी ताप उतरला. केसरबाई डोक्यावरून न्हाली, पांढरं पातळ नेसली.

"जमंल का गं?"

"न जमायला काय झालं? अंग गार हाय की. का शेजारी दुसरी कुनी बसवायची हाय?"

गाडीत हशा पिकला. तिचा हात खरंच गार होता. त्याला बरं वाटलं.

तुळजापूर मागं पडलं आणि ती पोट धरून वाकली. "गाडी माघारी घ्या की ओ," अगदी हळू म्हणाली.

नागनाथनं वळून पाहिलं. वर्षभर वाट बघितलेल्या म्हाताऱ्या, गाणी म्हणणाऱ्या पोरी. गाडी फिरवायची म्हणजे सगळ्यांचाच दिवस बुडवायचा. "गाडी लागली आसंल," म्हणून त्यानं तिच्या हातात लिंबू दिलं.

लातूरच्या अलीकडं तिची मान कलंडली. दवाखान्यात नाडी लागेना. संध्याकाळी ती गेली.

भेटायला आलेली फुलाबाई म्हणाली, "दीक्षाभूमीच्या वाटंवर गेली. असं मरान कुनाला येतंय?" मग सगळेच तसं म्हणू लागले. नागनाथ ऐकून घ्यायचा.

पुढच्या दसऱ्याला गल्लीतला यशपाल आला. गाडीच्या पुढच्या काचेला केसरबाईचा फोटो लावायचं ठरलं होतं.

"न्हाय मिळायचा," नागनाथ म्हणाला. "माघारी घ्या म्हनत हुती ती. परत त्याच गाडीत घालता व्हय तिला?"

 त्या दिवशी यशपालही गाडीत होता. तिचं बोलणं त्याला ऐकूच आलं नव्हतं. कुणालाच आलं नव्हतं.