एकदाही न वापरलेलं टॉयलेट

गेल्या महिन्यात एका रविवारी मी भिवंडीजवळ अंजूरला आमच्या कॅम्पर व्हॅनखाली उताणा पडलो होतो, आणि वरून तोंडावर पाणी टपकत होतं... टॉयलेटचं. नशीब, टेस्टिंगसाठी ओतलेलं स्वच्छ पाणी होतं.

व्हॅन जुनी, सेकंडहँड. मिनीबसच्या आत बेड, गॅस, सिंक, टॉयलेट, सगळं बसवलेलं. आधीचे मालक कौतुकाने म्हणाले होते, "टॉयलेट एकदाही वापरलं नाही, कोरं आहे." सीटवरचं प्लास्टिकसुद्धा तसंच होतं. मी तिथेच फिदा.

कारण मला टॉयलेटच हवं होतं... आईसाठी. ऑपरेशननंतर तिला सारखं जावं लागतं, म्हणून ती भिवंडीबाहेर पडतच नाही. नाशिकची मावशी आजारी आहे, आणि दोघी बहिणी फक्त व्हिडिओ कॉलवर भेटतात.

कॅम्परवाल्यांचे ऑनलाइन फोरम्स वाचून डोकं फिरलं. जुन्या मोटरहोममध्ये वस्तू वापरून जेवढ्या जात नाहीत तेवढ्या पडून राहून जातात म्हणे. रबर सुकतं, पंप जाम होतो. आणि खरंच, मालक दर ट्रिपला वापरायचे तो गॅस आणि पंखा मस्त चालू... जपून ठेवलेलं टॉयलेट मात्र गेलेलं.

ज्यांच्या गोडाऊनमागे गाडी उभी असते ते काका वाकून बघत म्हणाले, "कोरं हाय ना? मंग गळनारच. आमच्या घरात पन नवा सोफा हाय, मलापन बसू देत न्हाय."

जोडाचं रबर बदललं, पंप नवा टाकला. तरी मला चैन नाही. खाली टिश्यू ठेवायचो, उठून बघायचो, परत ठेवायचो... आणि आईला सांगायचो, पुढच्या आठवड्यात नक्की.

शेवटी काल ती वैतागली. "तू पण जपूनच ठेवणार का ते? चल, गाडी काढ. भिवंडीच्या खड्ड्यांत टिकलं तर नाशिकपर्यंत टिकेल."

काढली. अंजूरफाट्याच्या अलीकडे ट्रेलरच्या मागे अडकलो, पुढे काही हलेना. आई उठून मागे गेली... मी आरशात बघतोय, कान मागे. पंपाचा आवाज आला, मग एकदम शांत.

"आई, गळतंय का?"

"तू पुढे बघ रे."

ती येऊन बसली आणि पाण्याची बाटली मागितली. प्रवासात आई कधीच पाणी पीत नाही. काल जॅममध्ये बसून अर्धी बाटली प्यायली, मग मावशीला फोन लावला, "शनिवारी येतेय गं, भाकरी कर."

घरी आल्यावर मी दोनदा खाली वाकून बघितलं. कोरडं होतं. हे रबरही कधीतरी सुकेलच... वापरात राहिलं तर जरा उशिरा.

थँक्यू आई, मला अजून थांबू दिलं नाहीस.