बहिणीचं मत

माझ्या धाकट्या बहिणीला जन्मापासून डाउन सिंड्रोम. पुण्याच्या डॉक्टरांनी आईला तसं सांगितलं होतं, पण आमच्या माले गावात सगळे तिला ‘भोळी’च म्हणत. तिच्याशी थेट कुणी बोलत नसे. ती समोर बसलेली असताना लोक आईला विचारायचे, “भोळी जेवली का?”

मी पिरंगुटच्या कारखान्यात कामाला होतो तेव्हा चुलते ग्रामपंचायतीला उभे राहिले. बहीण विशी ओलांडलेली आणि तिचं नाव मतदार यादीत होतं, कारण नाव नोंदवायला आलेल्या माणसानं फक्त वय विचारलं होतं. चुलत्यांची निशाणी छत्री. त्यांनी आमच्या भिंतीवर खडूनं छत्री काढली आणि रोज संध्याकाळी तिच्याकडून त्यावर बोट दाबून घेतलं. ती दाबायची आणि तोंडानं ‘पीं’ असा आवाजही काढायची. चुलते खूश होते.

मतदानाला आम्ही तिला घेऊन शाळेत गेलो. विरोधी बाजूचा माणूस आत बसला होता. तो म्हणाला, “हिला काय कळतंय? हिचं मत हिचा चुलताच टाकनार.”

मतदान अधिकारी बाहेरगावचे मास्तर होते. त्यांनी तिलाच विचारलं, “मत कसं द्यायचं, माहीत आहे?”

“गुपचूप,” ती म्हणाली.

मास्तरांनी तिच्या बोटाला शाई लावायला सांगितलं. चुलते दारातून पुढं सरकले. “मी जातो संगं. घाबरंल ती.”

“न्हाई,” ती म्हणाली. “तू हितंच थांब.” ती सगळ्यांनाच अरे-तुरे करायची.

खोक्याच्या आडोशाला ती बराच वेळ उभी राहिली. मागची रांग कुरकुरली. मग मशीन वाजलं. ती बाहेर आली आणि शाईचं बोट वर धरूनच घरी निघाली.

“छत्रीच ना गं?” चुलत्यांनी वाटेत विचारलं.

“सांगायचं नसतं.”

त्यांनी तिला फाट्यावर नेऊन भजी खाऊ घातली. भजी तिनं संपवली. सांगितलं काही नाही.

चुलते चांगल्या मतांनी निवडून आले, तरी गुलाल लावून घेताना ते तिच्याकडेच बघत होते. पडलेला उमेदवारही आठवड्यानं आमच्या अंगणात आला. आईशी न बोलता तो तिच्यापाशी बसला. “काय ताई, बरी हायेस ना? मला दिलंस व्हय मत?” तिनं त्याला पाणी आणून दिलं.

शेवटी आईनंही विचारलं. आईलाही तिनं तेच उत्तर दिलं. आई भाकरी थापायची थांबली. “हिच्या पोटातलं मला सगळं ठावं हाय, असं वाटायचं,” ती मला म्हणाली आणि परत थापायला लागली.

त्यानंतर बहीण न्हाणीचं दार आतून लावून घ्यायला लागली. तोवर तिला आईच अंघोळ घालायची. पहिले काही दिवस आई टॉवेल घेऊन दाराबाहेर उभी राहायची, तांब्याचा आवाज ऐकत. मग तिनं टॉवेल आत खुंटीला अडकवून ठेवायला सुरुवात केली.